चालतं जहाज, थांबलेलं जहाज: मुंबई ते मांडवी, पत्त्यांच्या नादाने

आमच्या डोंबिवलीच्या शनिवारच्या मंडळात पोकर चिंचोक्यांवर चालतो. एक चिंचोका म्हणजे एक चिंचोका, त्याला पैशाचा भाव नाही. सहा-सात वर्षं असं खेळल्यावर कधीतरी खऱ्या टेबलावर बसावं असं वाटणारच. जानेवारीत बायको, ताई, भावजी आणि मी अशा चौघांनी मुंबई–गोवा क्रूझचं एका बाजूचं तिकीट काढलं. क्रूझवर 'रेट्रो' थीम होती, जाहिरातीत कॅसिनोचा फोटो होता आणि फोटोत हिरवं टेबल. मी त्या टेबलावर भाळलो. भावजी कोल्हापूरचे. दिवाळीतली तीन पत्ती सोडली तर त्यांचा पत्त्यांशी संबंध नाही, पण उत्साह दांडगा.

बॅलार्ड पिअरला दुपारी पोचलो. सामान, सुरक्षा तपासणी, जॅकेट घालून दाखवायची कवायत यात तीन तास सहज जातात, तेव्हा जेवून जा. जहाज सुटताना डेकवर उभा राहिलो आणि वडिलांची आठवण आली. ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गोव्याला जायचे. रात्रभर डेकवर सतरंजी टाकून अनोळखी माणसांबरोबर मेंढीकोट, आणि उजाडताना वेंगुर्ला. इथे आमच्या भोवती बेलबॉटम, ठिपक्यांच्या साड्या आणि प्लॅस्टिकचे गॉगल. ताईने तर केसांचा उंच अंबाडाही घातला होता. थीमचं म्हणाल तर एवढंच: कपडे, गाणी, आणि स्वयंपाक नेहमीचाच. थीमसाठी जास्त पैसे देऊ नका, पण एक जुना शर्ट न्या.

कॅसिनो बंदरात उघडत नाही. जहाज बरंच आत समुद्रात गेल्यावर दारं उघडली आणि मी पोकरचं टेबल शोधू लागलो. होतं. पाटीवर पोकरच लिहिलं होतं. पण तो तीन पानांचा पोकर, खेळाडू विरुद्ध डीलर. हे आधी समजून घ्या, कारण माझ्यासारखे बरेच जण इथेच फसतात. आपण शनिवारी खेळतो तो पोकर माणसांविरुद्ध असतो. तिथे घर, म्हणजे कॅसिनो, फक्त हमाली घेतं: प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, थोडा वाटा. त्याला रेक म्हणतात. डीलरविरुद्धच्या खेळात समोर घरच बसलेलं असतं आणि नियम त्याने लिहिलेले असतात. पैसे लावायचे, तीन पानं बघायची, पटली तर तेवढेच आणखी लावायचे. डीलरकडे राणी किंवा त्याहून वरचं काही नसेल तर त्याचा डाव बाद. तेव्हा पहिल्या रकमेवर एकास एक मिळतं आणि दुसरी नुसती परत येते. वेळ छान जातो, पण थापा मारायला समोर माणूसच नाही, मग पोकर कसला!

भावजींना मात्र तो खेळ घरचाच वाटला. अर्ध्या तासात त्यांना चौकटची सत्ती, इस्पिकची अठ्ठी आणि बदामाची नव्वी आली. सिक्वेन्स, म्हणजे लागोपाठची पानं! डीलरकडे नुसता कलर, म्हणजे एकाच चिन्हाची पानं. तीन पानांत सिक्वेन्स मोठा, तसे पैसे मिळाले आणि भावजींनी आजूबाजूच्या चार अनोळखी लोकांना टाळ्या दिल्या. हा सिक्वेन्स पुढे पणजीत महागात पडणार होता.

सकाळी मुरगाव बंदर. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर, नव्या झुआरी पुलावरून. बंदराच्या दारातले टॅक्सीवाले जे भाव सांगतात ते ऐकून परत जहाजावर चढावंसं वाटतं. आम्हाला न्यायला महेश आला होता. महेश शाळेपासूनचा मित्र, काही वर्षांपूर्वी म्हापशाला स्थायिक झालेला, आमच्या शनिवारच्या मंडळाचा संस्थापक. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजावरच्या टेबलावर तोही आमच्याबरोबर बसणार असं मी घरून ठरवून आलो होतो.

"मला आत घेत नाहीत रे," तो गाडीत म्हणाला. "आधारवर म्हापसा आहे ना."

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. दारावर ओळखपत्र बघतात ते वयासाठीही (२१ पूर्ण हवीत) आणि पत्त्यासाठीही. तुमच्याबरोबर गोव्यातला नातेवाईक असेल तर त्याचा बेत वेगळा आखा. महेशला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. त्याचा राग कॅसिनोंच्या गर्दीने भरलेल्या पणजीवर आहे. "संध्याकाळी नदीकाठच्या बांदोडकर मार्गावर गाडी घालून बघ," म्हणाला. घातली. पाऊण तासात जेट्टीपर्यंत पोचलो.

ही जहाजं मांडवीत का उभी आहेत, याचं उत्तर कायद्यात आहे. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या खेळांना वाट दिली आणि १९९६ मध्ये जहाजावर टेबलाच्या खेळांना. म्हणून माणसाने पानं वाटायची असतील तर पाण्यावर जावं लागतं. जहाज कुठेही जात नाही, ते नांगर टाकून नदीत उभं असतं आणि आपण छोट्या बोटीने त्याच्यापर्यंत जातो. थोडक्यात, जे जहाज चाललं त्यावर पोकर नव्हता, आणि पोकर असलेलं जहाज चालत नव्हतं. क्रूझ पोकरसाठी घेऊ नका. क्रूझ समुद्रासाठी घ्या आणि पोकरची रात्र पणजीत वेगळी ठेवा.

कुठल्या जहाजावर गेलो ते सांगत नाही, कारण पोकर रूमचे नियम, वेळा आणि टेबलं सारखी बदलतात. जायच्या दिवशी दुपारी थेट पोकर रूमला फोन करा आणि चार गोष्टी विचारा: आज कॅश गेम (खऱ्या पैशाचा, हवं तेव्हा उठता येणारा खेळ) किती वाजता सुरू होतो, सगळ्यात लहान ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांना लावावीच लागणारी रक्कम) किती, किमान बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायचे चिप्स) किती, रेक किती टक्के आणि त्याला कमाल मर्यादा आहे का. पाचवा प्रश्नही विचारा, पोकर खेळणाऱ्याला प्रवेशात काही सवलत आहे का. जेट्टीच्या रस्त्यावर पॅकेज विकणारे भेटतात, त्यांना यातलं काहीही माहीत नसतं. पुरुषांनी फुल पँट आणि बंद बूट घालावेत. माझ्यापुढचा एक जण बर्म्युडात आला होता, तो जेट्टीवरूनच परत फिरला.

आता पैशाचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घ्यायला जितके पैसे देता त्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा कर गिऱ्हाईकाकडून कसा घेतात, वेगळा लावतात की पॅकेजात बसवतात, ते काउंटरवर आधी विचारा आणि नोटा नंतर काढा. मी दहा हजारांचे चिप्स हातात घेतले तेव्हा खिशातून त्याहून बरेच जास्त गेले होते. जिंकलात तर त्यावर सरसकट ३० टक्के आयकर, वर सेस, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. म्हणजे शुक्रवारी पन्नास हजार हरून शनिवारी पन्नास हजार जिंकलात तर तुमच्या मते हिशेब चुकता, आयकराच्या मते तुम्ही श्रीमंत. पॅन कार्ड बरोबर ठेवा.

त्या रात्री सगळ्यात लहान टेबल १००/२०० चं होतं, नऊ खुर्च्या. आमच्या चिंचोक्यांच्या मानाने हे आभाळच. शिवाय पाटीवर १००/२०० असलं तरी दर दुसऱ्या हाताला कोणीतरी ४०० चा स्ट्रॅडल, म्हणजे पानं बघण्याआधीच आपणहून लावलेली दुप्पट रक्कम, टाकत होतं, म्हणजे प्रत्यक्षात खेळ दुपटीचा. बसण्याआधी दहा मिनिटं मागे उभं राहून हे बघून घ्या. माणसाने वाटलेल्या पानांवर तासाला पंचवीसेक हात होतात. नऊ जणांत एका फेरीचे ब्लाइंड ३००, तेव्हा काहीही न खेळता नुसतं बसलात तरी तासाला आठशेच्या आसपास जातात. त्यात रेक. सरासरी पॉट ४,००० चा धरा, ५ टक्क्यांनी २०० प्रत्येक हाताला. टेबलावरून तासाला पाच हजार रुपये डीलरच्या खाचेत पडतात. माझ्या शेजारच्या काकांनी हे गणित मला नुसत्या डोळ्यांनी दाखवलं: पॉट संपला की ते खाचेकडे बघायचे, जिंकणाऱ्याकडे नाही.

टेबलावर दोन पोरं होती बंगळुरूची, टोप्या डोळ्यांपर्यंत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोवर हे दोघे मोबाइलवरच खेळायचे. त्यांना चिप्स हातात धरता येत नव्हत्या, गडगडायच्या. पण खेळ! एकदाही उगाच पान बघितलं नाही.

या खेळात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि पाच पानं सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात. भावजी बटनावर होते, म्हणजे टेबलावर पानं उघडल्यावर सगळ्यांच्या शेवटी बोलायच्या जागेवर. त्यांच्याकडे इस्पिकचा गुलाम आणि किलवरची दश्शी. टोपीवाल्यांपैकी एकाने ७०० केले, भावजींनी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, बाकी सगळे बाहेर. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं: बदामाची नव्वी, चौकटची अठ्ठी, बदामाची चव्वी. पोराने हजार लावले, भावजींनी कॉल. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिकची सत्ती. सातपासून गुलामापर्यंत सरळ सिक्वेन्स, आणि त्या क्षणी टेबलावर याहून मोठं काही असूच शकत नव्हतं. पोराने चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढे जाऊ दिलं, भावजींनी दोन हजार लावले, पोराने थोडा विचार करून कॉल. इथपर्यंत माझे भावजी एखाद्या मुरलेल्या खेळाडूसारखे खेळले, हे मी कुठेही सांगेन.

रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, बदामाची दुर्री आली. टेबलावर तीन बदाम. पोराने पुन्हा चेक केलं. मी हात केव्हाच टाकला होता, टेबलाखालून पाय मारणं नियमात बसत नाही. भावजींनी उरलेले सगळे, सहा हजारांच्या आसपास, दोन्ही हातांनी पुढे सारले. पोराने लगेच कॉल केला आणि बदामाचा एक्का-पंजी उलटवून दाखवली.

"कलर," डीलर म्हणाला.

"हो, पण माझा सिक्वेन्स आहे ना," भावजी हसत म्हणाले आणि त्यांनी पॉटकडे हात नेला.

डीलरने त्यांचा हात अलगद थांबवला. पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला खातो. मी हे त्यांना क्रूझवर दोनदा सांगितलं होतं, पण तिथल्या तीन पानांत सिक्वेन्सने कलरला खाल्लं होतं आणि त्याचे रोख पैसे मिळाले होते. माझं तोंडी शिक्षण त्यापुढे काय टिकणार! तीन पत्ती खेळून मोठे झालेल्या प्रत्येकाने पोकरला बसताना हे एक वाक्य तळहातावर लिहून न्यावं. भावजी पुन्हा चिप्स घ्यायला उठले, तेव्हा ताईला फोन लावायची धमकी द्यावी लागली. आम्ही आधीच ठरवलं होतं: एक बाय-इन, संपला की बुफे. ते बुफेला गेले आणि तिथे मात्र त्यांनी बऱ्यापैकी वसुली केली.

मी साडेतीन तास बसलो. मोठे एक्के-राजे आले तरच खेळायचं, स्ट्रॅडल असेल तर तेही दोनदा विचार करून, एवढंच धोरण. राणीच्या जोडीवर एक बरा पॉट मिळाला, बाकी वेळ पानं टाकली. उठलो तेव्हा पुढ्यात ११,८०० होते. अठराशे रुपये जिंकलो असं मी बायकोला सांगितलं. तिने प्रवेशाचे, कराचे आणि पार्किंगचे पैसे विचारले, मग मी विषय बदलला.

परतीच्या छोट्या बोटी रात्रभर असतात, पण गर्दीत अर्धा तास थांबावं लागतं. पहाटेच्या सुमारास भरतीला बोट आणि पायऱ्या यांच्यात बरंच अंतर हलत असतं, तेव्हा पोटात गेलेल्या फुकट पेयांचा हिशेब ठेवा. महेश जेट्टीवर गाडीत झोपला होता. म्हापशाला घरी पोचलो तर त्याची आई जागी. पातळ भाजी आणि उंडे पुढे ठेवून तिने विचारलं, "खेळून कितें मेळ्ळें?" भावजी म्हणाले, "ज्ञान."

परतताना थिवीहून गाडी धरता आली असती, पण महेशने सावंतवाडीला सोडतो म्हटलं. तुम्हीही वाट वाकडी कराच. राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतो: बशीसारखी गोल पानं, लाखेची चकाकी, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकात बारा, अशी एकशे वीस. राजा, प्रधान आणि पुढे एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. खाली बसून मत्स्यावताराला खवले काढणाऱ्या कारागिराला हे सगळं भावजींनी शांतपणे विचारून घेतलं, आणि शेवटी चष्मा वर करून म्हणाले, "ते ठीक आहे. पण यात कलर मोठा की सिक्वेन्स?"