आकार तोच, मग दम का कमी?

“दोन्ही सारखेच दिसतात की! मग हा इतक्या लवकर का मान टाकतो?” आज सहकाऱ्याने टेबलावर दोन बटण सेल शेजारी शेजारी ठेवून विचारलं.

दोन्ही २० मिलिमीटर व्यासाचे, ३.२ मिलिमीटर जाडीचे. वापरून फेकायचा सीआर२०३२ साधारण २२० मिलिअँपिअर-तास (साठवलेल्या विजेचं माप) देतो. पुन्हा चार्ज होणारा एलआयआर२०३२ जेमतेम ४०.

प्रश्न दिवसभर डोक्यात घोळत राहिला.

पहिल्यात लिथियम धातूच असतो. त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३,८६० मिलिअँपिअर-तास. दुसऱ्यातल्या ग्रॅफाइटची फक्त ३७२. मग रिचार्जेबलमध्ये धातूच का घालत नाहीत? कारण वारंवार चार्ज केल्यावर त्यावर सुईसारखे काटे वाढतात, दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा मधला पडदा भेदतात आणि आतच शॉर्टसर्किट होतं.

त्यात जागेची मारामारी. स्टीलची वाटी आणि सील काही लहान करता येत नाहीत, आणि बॅटरी जितकी छोटी तितका त्यांचा वाटा मोठा. इलेक्ट्रोड, म्हणजे वीज साठवणारा थर, जाड केला तर आयन (विद्युतभारित कण) खोलवर वेळेत पोचत नाहीत. जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतो आणि आतली क्षमता पडून राहते. म्हणून वायरलेस इयरफोनच्या काही सेलमध्ये पातळ पट्ट्या गुंडाळून बसवतात. मला ही रचना फार आवडते. पृष्ठभाग वाढतो, करंट सहज मिळतो. पण पट्टी जितकी पातळ, तितका फॉइल (करंट वाहून नेणारा धातूचा पातळ पत्रा) आणि पडद्याचा वाटा जास्त, म्हणजे साठवण पुन्हा कमी.

तुम्ही असा सेल बनवत असाल तर आधी काय वाचवाल: जागा की करंट?