स्टेशन ते सिडको ते वेरूळ: संभाजीनगर, फक्त बसनं

परभणीकडचा माणूस संभाजीनगरच्या स्टेशनबाहेर पडला की समोर येईल त्या रिक्षावाल्याशी भाव करायला लागतो. आम्ही या खेपेला तो केला नाही. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेली आत्या, तिची घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, डोळ्यांची तपासणी, मुक्काम सिडकोत नातेवाइकांकडं आणि तिला कधीचं बघायचं असलेलं वेरूळ. एवढं सगळं बसनं जमवायचं होतं. जमलं, पण काही गोष्टी आधी माहीत असत्या तर आणखी सोपं गेलं असतं.

पहिली गोष्ट रेल्वेची. मुक्काम सिडको-मुकुंदवाडीकडं असेल आणि तुमची गाडी मुकुंदवाडीला थांबत असेल, तर तिथंच उतरा. मुख्य स्टेशनला जाऊन तेवढंच अंतर उलटं यायचं कशाला?

आमची गाडी तिथं थांबणारी नव्हती, म्हणून स्टेशनवरून सिडकोची शहर बस धरली. स्मार्ट सिटीच्या या बसचं उद्घाटन २०१८ च्या डिसेंबरात झालं. कोरोनात त्या बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. त्याआधी महापालिकेची एएमटी ही बससेवा आली नि गेली, मग एसटीच्या मोजक्या गाड्या शहरात फिरायच्या. त्यामुळं जुनी माणसं अजून शहर बसवर पटकन विश्वास ठेवत नाहीत. आत्या तर चढण्याआधी दोनदा म्हणाली, "ही मधीच बंद पडंल गं." क्रांती चौकाच्या पुढं मात्र उभं राहायलाही जागा नव्हती. कॉलेजची पोरं, डबा घेतलेल्या बाया, चिकलठाण्याकडं पाळीवर निघालेले कामगार. एका पोरानं आत्याला जागा दिली म्हणून बरं झालं.

गर्दी का वाढते, हे जालना रोडवर बसलं की कळतं. इथं वेळापत्रक कुणी बघत नाही. एक बस गेली तरी मागून दुसरी येते, ही खात्री असली की माणूस थांब्यावर उभा राहतो. आतल्या वस्त्यांत ती खात्री नाही. तिथं शेअर रिक्षा आधी येते आणि माणूस तिच्यात बसून निघून जातो. मग बस रिकामी धावते, आणि रिकामी धावते म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. माझं मत विचाराल तर नवे मार्ग काढण्यापेक्षा आहे त्याच मार्गांवर फेऱ्या वाढवाव्यात. थांब्यांवर सावली हवी, हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये वीस मिनिटं उन्हात थांबणं कुणाला झेपेल?

म्हणून पाहुण्यांनी थेट बसच्या नादी लागू नये. घाटीला जाताना आम्ही दारात सोडणाऱ्या गाडीची वाट बघितली नाही. जालना रोडची मिळेल ती बस धरून बाबा पेट्रोल पंपाला उतरलो. (पाटीवर महावीर चौक दिसेल, कंडक्टर बाबाच म्हणतो.) तिथून पुढं शेअर रिक्षा. केस पेपर काढायला सकाळी लवकर पोचावं लागतं, तेव्हा हा हिशेब कामाला येतो. बीड, हिंगोली, जालना, कुठूनकुठून माणसं तिथं येतात. हातात एक्स-रेचं पाकीट, काखेत पिशवी, आणि रिक्षाचे पैसे औषधासाठी राखलेले. शहर बसची खरी गरज त्यांना आहे. घाटीसाठी फेऱ्या वाढल्या तर गर्दी आपोआप होईल.

वेरूळला मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीनं गेलो. कन्नड, चाळीसगावकडच्या गाडीत बसा, पण चढताना वेरूळला थांबते का ते विचारा. अंतर तीसेक किलोमीटर. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. आत्यानं आधार कार्ड रुमालात बांधून आणलं होतं, ते दाखवलं आणि शून्याचं तिकीट चार वेळा उलटंसुलटं करून बघितलं. एसटीची ही सवलत शहर बसमध्ये गृहीत धरू नका. तिथले नियम वेगळे, आधी विचारून घ्या.

वाटेत दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी निघते, त्यामुळं रविवारी तिथं अडकायची तयारी ठेवा. आम्ही अडकलो तेव्हा आत्यानं निजामाच्या गाड्यांचा विषय काढला. तिच्या वडलांनी त्यातून प्रवास केला होता म्हणे. खरंही असेल. निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा १९३२ साली २७ गाड्यांवर सुरू झाली, आणि तिकडं पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १९४८ मध्ये.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी. ही अदलाबदल करून परत फिरणारे बरेच भेटतात. अजिंठ्याला जाणार असाल तर जळगावकडची एसटी धरून फर्दापूरच्या फाट्यावर उतरा. लेण्यांपर्यंतचे शेवटचे चारेक किलोमीटर तिथल्या शटल बसनंच जावं लागतं, स्वतःची गाडी असली तरी.

वेरूळला वय झालेलं माणूस सोबत असेल तर कैलास लेणं आधी बघा. ते फाटकासमोरच आहे. बाकीची लेणी पायात जोर उरला तर. परतीला अंधार पडायच्या आत रस्त्यावर येऊन थांबा. कन्नडहून येणारी गाडी भरलेली असते, पण खुलताबादला बरीच माणसं उतरतात, तेव्हा तोवर उभं राहायची तयारी ठेवून चढा. सुट्टे पैसे जवळ असू द्या.