जेलीची पाच मिनिटं

इंटर्नशिपमधली ग्रामीण रुग्णालयाची पोस्टिंग. जानेवारीचा महिना, रात्रीचे दोन वाजून गेलेले. मोटारसायकलवर पुढे मुलगा, मागे पुतण्या आणि मध्ये कण्हणारे आजोबा. सत्तरी ओलांडलेली, दुपारपासून लघवी तुंबलेली. धोतर सैल केलं तर ओटीपोट पार बेंबीपर्यंत फुगलेलं, हाताला दगडासारखं लागत होतं.

"डॉक्टर, कायबी करा, पण मोकळं करा."

मुलगा सांगत होता, शेतातली लाइट रात्रीच येते, ज्वारीला पाणी द्यायला गेले नि सर्दी झाली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. बरेच महिने धार बारीक होतीच, म्हणजे प्रोस्टेट वाढलेलं असणार. अशा माणसाला सर्दीची साधी गोळीही पुरते, लघवी अडते.

१६ नंबरची फोलीज, म्हणजे मूत्राशयात घालायची रबरी नळी, काढली. हातमोजे, बेटाडीन, होल टॉवेल, सगळं नीट केलं. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली सोडली आणि लगेच नळी सरकवली. वीतभर गेली आणि अडली. आजोबा ओरडले, माझं मनगट घट्ट धरलं. मुलगा दारातून म्हणाला, "डॉक्टर, लवकर बघा." जोर लावायचा नसतो, मूत्रमार्ग फाटून खोटी वाट पडते, हे मला पाठ होतं. तरी त्या क्षणी बोटं दाबायला निघालीच होती.

"डॉक्टर, थांबा. काढा ती नळी," सिस्टर म्हणाल्या. "जेलीला वेळच दिला नाहीत तुम्ही."

नवी नळी फोडली. या वेळी १० मिली जेली हळूहळू आत सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण पाच मिनिटं थांबलो. समोर माणूस तळमळत असताना हात बांधून उभं राहणं फार कठीण जातं. सिस्टरांनी आजोबांना विचारलं, "बाबा, ज्वारी हुरड्याला आली का?"

"आली की. पण यंदा पाखरं लई."

बोलता बोलता त्यांच्या मांड्या सैल पडलेल्या दिसल्या. मी शिश्न सरळ वर धरलं, नळी सरकवली. पुन्हा त्याच जागी अडली. "बाबा, लांब श्वास घ्या. आता सोडा." नळीवर हलका, स्थिर हात ठेवला. आतलं काहीतरी ढिलं झाल्याचं बोटांना कळलं, आणि नळीतून पिवळी धार आली. तरीही बाहेरच्या टोकाला असलेल्या फाट्यापर्यंत नळी आत घातली, मगच १० मिली डिस्टिल्ड वॉटरने तिला मूत्राशयात अडकवून ठेवणारा फुगा फुगवला. फुगा मूत्रमार्गातच फुगला तर इजा होते. हळूच मागे ओढून तो बसल्याची खात्री केली.

९५० मिली. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. माझं मनगट मात्र त्यांनी परत धरलं, या वेळी नुसतंच.

मी हातमोजे काढून केसपेपरवर लिहायला बसलो.

"डॉक्टर, त्वचा पुढं घेतली का?"

नव्हती घेतली. नळी घालताना शिश्नाच्या टोकावरून मागे सरकवलेली त्वचा तशीच राहिली असती तर सकाळपर्यंत सुजून तिथे फास बसला असता. उठलो, नवे मोजे चढवले, त्वचा पुढे आणली आणि केसपेपरवर तेही लिहिलं. मान वर केली तर आजोबा घोरत होते आणि मुलगा लघवी साठायची पिशवी, युरोबॅग, उचलून त्यांच्या उशाशी ठेवत होता. लघवी उलटी आत जाऊ नये म्हणून ती खाटेच्या खालच्या दांडीला कशी अडकवायची, ते त्याला दाखवलं.