गडचिरोली ते भामरागड: सरासरीच्या भरवशावर निघू नका

२०११च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात, हे वाचून, वस्ती विरळ असली तरी ठरावीक अंतरावर गाव, चहाची टपरी आणि पंक्चरवाला भेटत राहील, असा हिशेब मी मनाशी केला होता. तो साफ चुकला. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यातली पावणेअकरा लाख माणसे सारखी पसरलेली नाहीत. पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या वैनगंगेच्या धानपट्ट्यात, म्हणजे वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी या बाजूला ती एकवटली आहेत, तर पूर्वेला आणि दक्षिणेला जंगलात माडिया गोंडांची लहान लहान गावे आणि टोले (पाडे) एकमेकांपासून दूर विखुरलेले आहेत.

गडचिरोलीहून आष्टीमार्गे आलापल्लीपर्यंतचा प्रवास सुरळीत झाला, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. खरी परीक्षा पुढच्या सुमारे ६५ किलोमीटरची. भाड्याच्या गाडीवाल्याने "दोन तासांत पोचवतो" असे सांगून एक रक्कम ठरवली, आणि पेरमिली मागे पडल्यावर, जिथून दुसरी गाडी मिळणे शक्य नव्हते अशा ठिकाणी, रस्ता खराब असल्याचे कारण देऊन जवळजवळ दुप्पट मागितली. रस्ता खराब होता हे खरेच: खडी उघडी पडलेली, पुढच्या ट्रकच्या धुळीने काच पुसूनही समोरचे दिसेना, आणि मोबाइलला रेंज नाही. साडेतीन तास लागले. तरीही ही मागणी अन्यायाचीच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. भाडे जाण्या-येण्याचे, थांबण्यासह, निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. पेट्रोल आणि पिण्याचे पाणी आलापल्लीलाच भरून घ्या. दुपारनंतर निघूच नका.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम पाहिला आणि थकवा उतरला. पलीकडे छत्तीसगड. परतताना पहाटे एका मोहाच्या झाडाखाली झाडून स्वच्छ केलेल्या जमिनीवर आजी आणि दोन नाती फुले वेचून टोपलीत टाकत होत्या; मार्चमध्ये जाणार असाल तर पहाटेच निघण्याचे हे आणखी एक कारण. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. मी विचारले, आजी नको म्हणाल्या, मी कॅमेरा ठेवून दिला.

मराठी सगळीकडे चालेल हेही गृहीत धरू नका. आत माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू आणि मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या गावांत बंगाली ऐकू येते. वाट विचारायला स्थानिक माणूस सोबत असलेला बरा. रेल्वेने येणाऱ्यांनी वडशाला उतरावे, पण तिथून भामरागड एका दिवसात उरकण्याचा बेत करू नये. आलापल्लीला मुक्काम करावा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर हे महिने पूर्णपणे वगळा.