शिवसागरात कोणता नांगर टाकावा?

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, बामणोली-तापोळ्याकडे स्वतःची छोटी बोट घेऊन येणारे इंजिनाची, लाइफ जॅकेटची चौकशी करतात. नांगराची फार थोडे. मला कुणी विचारलं, की मी आधी तळाचं बोलतो.

शिवसागराचा तळ एकसारखा नाही. कोयनेचं धरण होण्याआधी इथं गावं होती, शेतं होती. जिथं गाळ बसलाय तिथं डॅनफोर्थ जातीचा नांगर उत्तम. त्याची दोन रुंद, चपटी पाती चिखलात रुततात आणि वजनाच्या मानानं पकड जबर असते. खडकावर मात्र तो नुसता घसरतो. दगडी बांध किंवा खोडं असतील तिथं चार आकड्यांचा घडीचा ग्रॅपनेल घ्या. तो अडकून बसतो, म्हणून त्याच्या बुडाला वेगळी दोरी बांधून वर तरंगता डबा सोडायचा. त्या दोरीनं उलटा ओढला की बहुतेकदा सुटतो.

नुसत्या वजनावर जाऊ नका, हे कळकळीनं सांगतो. नांगर रुततो तो आडव्या ओढीनं. त्यासाठी नांगराला लागून दोन-तीन मीटर साखळी हवी आणि दोरी भरपूर. पाणी ६ मीटर, बोटीचं नाक पाण्यावर अर्धा मीटर, तर वाऱ्यात दोन्हींच्या बेरजेच्या सातपट दोरी धरा, म्हणजे सुमारे ४५ मीटर. शांत दुपारी, जेवणापुरतं थांबायला पाचपट चालेल. दोरी नायलॉनचीच, ती ताणते, झटका पचवते.

आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की एकदा काठानं चालून या. पावसाळ्यानंतर बोट जिथं थांबवणार, तिथला तळ तेव्हा उघडा दिसतो.