कडक फाउंडेशन आणि सायनचा सिग्नल

पहिल्यातून दुसरा गिअर टाकला की पुढून ‘धप्’ असा आवाज यायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा तोच, जरा हलका. माझी गाडी दोन दारांची आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ३०० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअर आणि सगळी ताकद पुढच्या चाकांना. २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. रबराचं वय झालं होतं, एवढंच.

सुरुवातीला मला वाटलं क्लच गेला. कलिन्याला माझे ओळखीचे मेकॅनिक आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडलं, मला आत बसवलं आणि हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगितलं. स्वतः बाजूला उभे राहिले. ही तपासणी करताना गाडीसमोर किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही, हे त्यांनी आधी दोनदा बजावलं. क्लच पकडायला लागला तसं इंजिन वर उठून मागे झुकलं. रिव्हर्समध्ये तेच पुढे आलं. वरच्या कव्हरची हालचाल दीड-दोन इंच तरी असेल.

“फाउंडेशन बसलंय रे,” मामा म्हणाले. “तिन्ही.”

फाउंडेशन म्हणजे इंजिनला गाडीच्या बॉडीशी धरून ठेवणारे रबरी आधार, आणि ते निकामी झाले होते. इंजिन आडवं असलेल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तीन ठिकाणी धरलेले असतात. वर एका बाजूला इंजिनचं फाउंडेशन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचं, आणि खाली टॉर्क रॉड. वरची दोन वजन पेलतात, खालचा रॉड इंजिनला गोल फिरू देत नाही. मामांनी खालचा रॉड काढून माझ्या हातात दिला. मधलं रबर बाहेरच्या लोखंडी कड्यापासून अर्धं सुटलेलं होतं, फटीत माझं बोट आरपार गेलं. वरच्या इंजिनच्या फाउंडेशनमध्ये द्रव भरलेला असतो. तो कधीच गळून गेला होता आणि खाली चिकट काळा ओघळ वाळून बसला होता. त्याच्या वरच टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून ऑइल पाझरत होतं. ऑइल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. म्हणून आधी गॅस्केट बदललं. हे न करता नवं फाउंडेशन टाकणाऱ्यांचे पैसे फुकट जातात, मग फाउंडेशन कुठलंही असो.

आता प्रश्न होता काय टाकायचं. मूळ प्रकारचं रबरी, पॉलियुरेथेनचं (रबरासारखंच पण कडक प्लास्टिक), की थेट ॲल्युमिनियमचं? रबराचा कडकपणा शोअर ए या मापाने सांगतात. कंपनीचं रबर साधारण ५० ते ६० असतं, टायरचा पृष्ठभाग ६०-७०. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बाजारात मिळणारं पॉलियुरेथेन ७० ते ८० आणि रेसिंगवालं ९० च्या पुढे. मी ७५ चं निवडलं, तिन्ही जागी.

मामा म्हणाले, “कडक टाकतोस तर टाक. पण तिन्ही एकदम नको. आधी खालचा टाक, महिनाभर चालव, मग बघू.” मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात रेसिंगच्या गाड्या होत्या. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिन थेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेलं होतं, इंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग. १९९५ ची फेरारी एफ५० तर रस्त्यावर चालणारी गाडी, तीही तशीच. त्या गाडीत बसणाऱ्याच्या हाडापर्यंत इंजिनचा थरकाप पोहोचतो, हेही मी वाचलेलं होतं. ते मी सोयीने बाजूला ठेवलं.

एका शनिवारी काम झालं. सम्पखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनला टेकू दिला आणि एकेक फाउंडेशन बदललं. जुने बोल्ट परत वापरले नाहीत. ते ठरावीक टॉर्कला आवळून पुढे काही अंश फिरवायचे असतात आणि तसे आवळताना ताणले जातात, म्हणून ते एकदाच वापरायचे.

रविवारी पहाटे लोणावळ्याच्या जुन्या घाटात गेलो. त्या दोन तासांबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण कडक फाउंडेशनची स्तुती खरीच आहे. वळणात शिरताना ॲक्सिलरेटर सोडला तर गाडीचं नाक डुचमळलं नाही. पुन्हा पाय दिला तर त्याच क्षणी गाडीने ओढ घेतली. आधी मधे अर्धा श्वास जायचा, तो गेला. इंजिन आणि गिअरबॉक्सचं मिळून दोनशे किलोच्या आसपासचं वजन आधी वळणात मागाहून यायचं, आता ते गाडीबरोबर वळत होतं. दुसऱ्यातून तिसरा गिअर अगदी स्वच्छ पडायचा. ओल्या चढावर जोरात निघताना पूर्वी पुढची चाकं टणाटण उड्या मारायची, तेही जवळजवळ थांबलं. चाक पकड धरतं, सोडतं, पुन्हा धरतं आणि त्या तालावर इंजिन झोके घेतं. झोकाच तोडला की उड्या कमी होतात.

हिशेब केला तर कळतं की रॉडवर किती भार येतो. ३०० न्यूटन मीटरला दुसऱ्या गिअरची आणि डिफरन्शियलची (ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरची) मिळून साधारण आठपट धरली तर चाकांकडे २,४०० न्यूटन मीटर जातात. डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असल्यामुळे त्याची सगळी प्रतिक्रिया फाउंडेशनवर येते. इंजिन ज्या मध्याभोवती फिरू पाहतं त्यापासून रॉड फूटभर अंतरावर असेल तर त्याच्यावर सुमारे ८०० किलोचा ओढा येतो. माझा जुना रॉड फाटल्याचं मग आश्चर्य वाटलं नाही. ताकद मात्र एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

सोमवारी ऑफिसला निघालो. मुलुंड ते लोअर परळ. सायनचा रेल्वेवरचा पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झाल्यावर त्या भागातल्या गर्दीला धरबंध राहिला नव्हता. गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असायची, आणि एसी बंद करणं शक्य नसायचं. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. ७५० आरपीएमवर (मिनिटाला ७५० फेऱ्या) म्हणजे सेकंदाला पंचवीस. रबर आणि द्रव हे पंचवीस धक्के गिळून टाकतात. माझं नवं फाउंडेशन ते जसेच्या तसे बॉडीत पाठवत होतं. आरशात मागच्या गाडीचे दिवे गोल दिसेनात, त्यांच्या उभ्या रेघा झाल्या. सीटमधून थरथर कमरेत शिरत होती. १,५०० च्या पुढे सगळं शांत, २,८०० ला पुन्हा एक घुमणारा आवाज. पण सिग्नलला १,५०० कोण ठेवणार?

लोक म्हणतात हजार किलोमीटरनंतर पॉलियुरेथेन रुळतं. थोडंसं रुळलं, नाही असं नाही. तोवर डॅशबोर्डचं प्लास्टिक आणि एक्झॉस्टवरचा पत्रा मात्र खुळखुळायला लागले होते.

मग तो रविवार आला. आईला दादरला मावशीकडे न्यायचं होतं. तिने अळूवड्या केल्या होत्या आणि स्टीलचा डबा मांडीवर धरला होता. सायन सर्कलला लाल दिवा लागला आणि डब्याचं झाकण वाजायला लागलं. किर्रर्र, एकसारखं. आईने त्यावर हात ठेवला, आवाज थांबला. हात काढला, पुन्हा सुरू. मग सिग्नल सुटेपर्यंत तिने हात तसाच दाबून ठेवला. दादरला उतरताना एवढंच म्हणाली, “गाडी दाखवून घे रे. कंबर भरून आली.” तिची कंबर आधीच दुखते, हे मला माहीत होतं. मला फार वाईट वाटलं.

मामांनी आधी एक गोष्ट करून पाहिली. वरचे दोन्ही बोल्ट सैल केले, गाडी सुरू करून इंजिनला स्वतःची जागा घेऊ दिली आणि मग पुन्हा नव्या बोल्टवर आवळलं. पहिल्या वेळी गिअरबॉक्सकडचं फाउंडेशन एका बाजूला पिळलेल्या अवस्थेत आवळलं गेलं होतं. रबर ही चूक सहन करतं, पॉलियुरेथेन करत नाही. थरथर स्पष्ट कमी झाली. मला वाटतं, अनेकांना हे फाउंडेशन जितकं वाईट वाटतं त्यातला काही वाटा अशा बसवणीचा असतो. तरीही आईला बसवण्याइतकी गाडी शांत झाली नाही.

शेवटी मामांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं तेच केलं. वरची दोन मूळ प्रकारची, नवीन, द्रव भरलेली. खालचा रॉड कडक, तसाच ठेवला. वजन पेलणारी फाउंडेशन मऊ राहिली की उभ्या गाडीतला थरकाप तिथेच विरतो. रॉडवर उभ्या गाडीत फारसा भार नसतो, त्यामुळे तो कडक असला तरी आत थोडंच पोहोचतं. आणि जोर लागतो तेव्हा इंजिनला आवरायचं काम मुख्यतः तोच करतो. घाटातल्या त्या सुखाचा माझ्या अंदाजाने पाऊण हिस्सा एकट्या रॉडने राखला. चाकांच्या उड्याही परत आल्या नाहीत. पोर्शेने हाच पेच पैसे ओतून सोडवला. २००९ च्या ९११ जीटी३ साठी त्यांनी चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवाची फाउंडेशन आणली. एरवी मऊ, जोरात चालवली की कडक. आपल्याला तेच काम तीन जागा वाटून करावं लागतं.

माझ्यासारखी एकच गाडी असेल, तिच्यातूनच घरचे फिरणार असतील आणि ती मुंबईत चालणार असेल, तर तिन्ही कडक करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. आणि आधी जुनी फाटली आहेत का ते बघा. नवी मूळ फाउंडेशन टाकल्यावरच गाडी इतकी सुधारते की पुढचं काही करावंसं वाटणारही नाही. ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. माझा एक मित्र कोईम्बतूरच्या ट्रॅकवर जातो. काढलेली दोन्ही पॉलियुरेथेनची फाउंडेशन मी त्याच्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत.

बोल्ट आवळल्यावर मामांनी प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, अर्धी बोल्टवर आणि अर्धी ब्रॅकेटवर. हजार किलोमीटरनंतर बघायला सांगितलं होतं. गेल्या रविवारी आईला दादरला सोडून मावशीच्या बिल्डिंगखाली बॉनेट उघडलं. रेघा जिथल्या तिथे होत्या.