तुम्ही विचारलंत म्हणून: पंपाचंच भोक होतं तेव्हा

वर्गात मुलं विचारतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी विचारतात: "मॅडम, पुण्यात समुद्र नाही, मग त्या समुद्रातल्या विषाचं तुम्हाला एवढं काय? आणि ते हृदयाचं नेमकं करतं तरी काय?" मला या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विषाचं नाव पॅलिटॉक्सिन. हवाईच्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या खडकातल्या डबक्यात ते सापडलं. तिथले लोक त्याला 'हानाचं जीवघेणं शेवाळ' म्हणत. भाल्याच्या टोकाला ते चोळत, अशी तिथली कथा आहे. शेवाळ ते नव्हतंच, प्रवाळांच्या नात्यातला मऊ अंगाचा प्राणी होता. रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये त्यातून काढलेलं विष जगापुढे मांडलं. रेणू इतका अवाढव्य की त्याची पूर्ण रचना कळायला आणखी दहा वर्षं लागली.

आता पंप. आपल्या पेशींच्या पडद्यात सोडियम-पोटॅशियम पंप असतात. दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. गणेश पेठेतून कुर्ल्या आणल्या की मला ते हटकून आठवतात. पंपाच्या या राबण्यामुळे पेशीत पोटॅशियम बाहेरच्या तिसेकपट साठतं आणि सोडियम बाहेर राहतं. हृदयाचा प्रत्येक ठोका या साठ्यावर पडतो.

आमच्या सोसायटीचंच बघा. सकाळी पाणी आलं की पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंप जळाला तर टाकी भरत नाही, पण असलेलं पाणी दुपारपर्यंत पुरतं. पॅलिटॉक्सिन पंप जाळत नाही. पंपाला आतल्या बाजूला एक दार, बाहेरच्या बाजूला एक. दोन्ही एका वेळी कधीच उघडी नसतात. हे विष बाहेरून येऊन चिकटतं आणि दोन्ही दारं एकदम उघडी राहायला लागतात. चढवणारा पंपच टाकीचं भोक होतो. एरवी सेकंदाला फार तर काही शे आयन, म्हणजे सोडियम-पोटॅशियमचे विद्युतभारित कण, सरकवणारा हा रेणू आता लाखो आयन वाहू देतो, तेही उलट दिशेनं, उतारावर. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डेव्हिड गॅड्सबी आणि पाब्लो आर्टिगास यांनी अशा एकेका उघड्या पंपातला प्रवाह मोजला. दोन दारांची कल्पना विद्युतप्रवाहात अशी दिसली, हे मला आजही विलक्षण वाटतं.

हृदयाच्या स्नायूपेशीत पुढे काय होतं? सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर गळतं. पेशीच्या आत एरवी उणे ८०-९० मिलिव्होल्ट असतात, ते शून्याकडे सरकतात. कॅल्शियम बाहेर काढणारी दुसरी यंत्रणा सोडियमच्या उतारावर चालते. तो उतार गेला की ती उलटी फिरते आणि कॅल्शियम आत आणून टाकते. स्नायू आखडतो, सैल पडत नाही. ठोके बिघडतात. या विषावर औषधी उतारा नाही. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांनो, एवढ्यासाठीच सांगते: झोअँथिड, म्हणजे तेच मऊ अंगाचे प्राणी, लागलेले दगड कधीही उकळू नका. त्या वाफेनं परदेशात अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत.

राहिला पहिला प्रश्न. माझे वडील शेवटची सहा वर्षं डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर होते. इवलीशी गोळी, सोमवार ते शुक्रवार; शनिवार-रविवार सुट्टी. हे औषध त्याच पंपाला धरतं, पण दारं बंद ठेवून. थोडेच पंप थांबले की सोडियम किंचित वाढतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम, आणि थकलेलं हृदय जरा जोरानं आवळतं. मात्रा थोडी चढली की तेच औषध विष. एक्सप्रेसवेच्या दुभाजकावरची गुलाबी कण्हेर हेच करते. तिच्या विषाचा आणि या औषधाचा वंश एक.

वडिलांना लघवीची गोळीही होती, आणि तिनं पोटॅशियम उतरतं. बाहेरचं पोटॅशियम आणि डिगॉक्सिन पंपावर एकमेकांच्या आड येतात; पोटॅशियम उतरलं की औषधाची पकड वाढते. म्हणून डॉक्टर सारखं रक्त तपासायला सांगत. आई आकडा कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायची. एकदा तिथे ३.१ पाहिलं, म्हणजे पोटॅशियम उतरलेलं, आणि त्या संध्याकाळी मी वडिलांची गोळी हातात धरून डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत स्वयंपाकघरात उभी होते. आत काय चाललं असेल, ते मला दार न् दार दिसत होतं.